फेसलेली मोहरी

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करते. आमच्या डोंबिवलीच्या मालकीणबाई गेल्या त्याला वर्ष होत आलं, पण जेवताना आईने काकडीची एखादी फोड उचलली, नाकाशी नेली आणि परत ताटात ठेवली, की माझा जुना जळफळाट पुन्हा सुरू होतो. मला कळतं, तिला कोणाची आठवण आलीय. माझ्या वडिलांची नाही. माझी तर नाहीच, कारण मी समोर बसलेली असते.

बाई म्हणजे डोंबिवली पूर्वेतल्या एका जुन्या, तीन मजली इमारतीच्या मालकीण. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, काटक, मूळच्या कोकणातल्या. इमारत त्यांच्या नवऱ्याने बांधलेली. तो गेल्यापासून त्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या आणि पाण्याचा पंप, जिन्यातला दिवा, गच्चीची किल्ली या तीन गोष्टींवरून खालच्या सगळ्यांवर राज्य करायच्या. भाडेकरूंना त्या नावाने हाक मारत नसत, मजल्याने मारत. "ए तळमजला, नळ टपकतोय!" "पहिला मजला, तुझी चादर माझ्या तुळशीवर आलीय!" मी दुसरा मजला. माझ्या आधी तिथे एक बँकेतले गृहस्थ राहायचे, तेही दुसरा मजलाच. मी एकदा म्हटलं, "बाई, मला नाव आहे." तर म्हणाल्या, "असेल की. पण तू सोडून गेलीस म्हणजे ते नाव मी कुठे ठेवू?"

त्यांच्या चमत्कारिकपणाचं खरं केंद्र मात्र कोशिंबीर होतं. आपल्याकडे कोशिंबीर ताटात डावीकडे, चटणीच्या शेजारी, चमचाभर असते. बाईंच्या ताटात ती मधोमध डोंगरासारखी असायची आणि भात बिचारा डावीकडे. रोज दुपारी त्या जमिनीवर विळी मांडून बसत. काकडी, मुळा, गाजर, कांद्याची पात, कधी कोबी, कधी कच्ची पपई, जे त्या सकाळी बाजारात हुंगून पसंत पडलेलं असेल ते. फ्रिज होता, पण त्यात फक्त दूध आणि विरजण. "भाजी काय मढं आहे थंड जागी ठेवायला?" असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या.

आणि ती मोहरी. दगडी खलात मूठभर मोहरी, वर थेंब थेंब पाणी, आणि बत्ता एकाच दिशेने फिरत राहायचा. मोहरी पांढुरकी होऊन फेसाळली की तिचा झणका जिन्यातून खाली माझ्या दारापर्यंत यायचा. मग त्यात आमसुलाचं आगळ, गुळाचा खडा, वाटलेली मिरची आणि कच्च्या तेलाची धार. या पातळ मिश्रणाला त्या नुसतं 'पाणी' म्हणायच्या. मीठ अगदी शेवटी, आणि तेही खाणारी माणसं पाटावर बसल्याशिवाय नाही. "कापलेली भाजी माणसाची वाट बघत नाही. माणसाने भाजीची वाट बघायची."

डब्यात ती कोशिंबीर त्या कोणालाही देत नसत. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना ताप आलेला, तेव्हा मी वाटी घेऊन वर गेलेले. म्हणाल्या, "वाटीत घातली की खाली जाईपर्यंत तिचा ओला कचरा होईल. तिला म्हणावं, ताप उतरला की ये."

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. ऑफिसात मी त्यांच्या नकला करायचे. आई माझ्याकडे राहायला आली तोपर्यंत.

आईबाबा दिवा स्टेशनजवळ राहायचे, एका खोलीत. बाबा कंपनीतून रिटायर झालेले. एके दिवशी दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी एकुलती एक. माझं लग्न टिकलेलं नव्हतं, मूल नव्हतं, त्यामुळे आईला कुठे ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी तिला घेऊन डोंबिवलीला आले. ती आली, बुद्धाची तसबीर माझ्या टीव्हीच्या वर लावली, आणि त्यानंतर तिने जवळजवळ सगळंच सोडून दिलं. बोलणं सोडलं, बाहेर पडणं सोडलं. जेवण म्हणजे अर्धी पोळी दुधात कुस्करून. रडली मात्र नाही. बाबांना नेलं तेव्हाही नाही. मी रोज तिच्याशेजारी बसून तिचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "आई, रड गं जरा." ती म्हणायची, "येत नाही." जसं काही पोहायला येत नाही.

एक गोष्ट तेवढी ती नेमाने करायची. पाणी भरायची. दिव्याला पाण्याचे हाल, नळ येईल तेव्हा येईल, त्यामुळे हातांना सवय. माझ्याकडे चोवीस तास टाकीचं पाणी असूनही ती बादल्या, टोप, कळशी, कुकर, चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवायची. एका रविवारी टाकी रिकामी झाली आणि बाई वरून दणदण उतरल्या. मी दार उघडलं.

"दुसरा मजला! लग्न आहे का घरात?"

मी काही बोलायच्या आत त्या आत शिरल्या. स्वयंपाकघरात आई जमिनीवर बसलेली, सभोवार काठोकाठ भरलेली भांडी. बाई उभ्या राहिल्या. एकेक भांडं बघत गेल्या. मला वाटलं, आता आईवर बरसणार, आणि मी कमरेला पदर खोचल्यासारखी पुढे झाले. पण त्यांनी आईला विचारलं, "नाव काय?"

"मी हिची आई."

"ते नातं झालं. नाव?"

आई गोंधळली. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "शालन."

"उद्या दुपारी वर ये, शालन. भांडं आणू नको. नुसती ये."

आईला नावाने हाक मारणारे फक्त बाबा होते. इतरांना ती कोणाची तरी आई, वहिनी, मावशी. त्या दिवशी ते नाव माझ्या घरात उच्चारलं गेलं आणि मला कोणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला ज्या बाईने मजला म्हणून ओळखलं, तिने आईला मात्र दोन मिनिटांत नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर आई म्हणाली, "मी जेवले वरती." तिसऱ्या दिवशीही तेच. दार उघडून बाहेर जिन्यातसुद्धा न येणारी माझी आई आता रोज एक मजला चढून जेवायला जाते, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आनंदाबरोबर आणखी काहीतरी झालं. मी तिला केलेली मुगाची खिचडी, शेवयांची खीर, तिच्या आवडीची काळ्या मसाल्याची वांगी, यातलं काहीही तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

शनिवारी सुट्टी होती. मी तिच्या मागोमाग वर गेले. दारातच थांबले.

"आत ये, नाहीतर बाहेर जा," बाई विळीवरून नजर न उचलता म्हणाल्या. "काकडीला वारा लागतो."

आई भिंतीला टेकून पाटावर बसलेली, पुढ्यात रिकामं ताट. बाईंनी मोहरी फेसली, पाणी केलं, काकडी-मुळ्यावर ओतलं, मीठ घातलं, हाताने एकदाच वरखाली केलं आणि आईला वाढलं. आईने घास घेतला. मोहरी नाकात चढली. तिने डोळे मिटले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. बाई म्हणाल्या, "ताजी आहे ना, म्हणून." आईने मान हलवली, दुसरा घास घेतला. पुन्हा पाणी. तिसऱ्या घासाला तिचे खांदे हलायला लागले. मग ताट बाजूला सरकवून आई रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तशी. मध्येच तिने बाबांचं नाव घेतलं.

बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. पाणी दिलं नाही. उगी उगी म्हटलं नाही. त्यांनी दुसरी काकडी घेतली, टोक कापलं, ते काकडीवर घासून कडू फेस काढला आणि पुन्हा चिरायला लागल्या. आई रडत होती आणि विळीचा चरचर आवाज येत होता. रडून झाल्यावर आईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "अजून वाढा."

मी दारातच होते. त्या रडण्याची मी किती वाट बघितलेली. ते माझ्या खांद्यावर व्हायला हवं होतं, माझ्या घरात, बाबांच्या मुलीच्या समोर. आणि ते त्या मुळ्या-काकडीपुढे होऊन गेलं. कोणी म्हणेल, काय ही मुलगी, आई मोकळी झाली ते सोडून काय मनात आणतेय. पण खरं तेच आहे. खाली आले आणि कुकरची शिट्टी उगाचच तीनदा घासली.

त्यानंतर मी पण सुरू झाले. ठाण्याला माझ्या ऑफिसजवळ मॉल आहे, तिथून लेट्यूस आणलं, लाल-पिवळी सिमला मिरची आणली, ऑलिव्ह ऑइलची उंच बाटली आणली. व्हिडिओ बघून लिंबू, मध, मोहरीची पेस्ट, लसूण घालून ड्रेसिंग घुसळलं. काचेच्या भांड्यात सजवलं, वर अक्रोड पेरले. आईने एक पान उचललं, कौतुकाने उलटंसुलटं करून बघितलं.

"पाला छान आहे," ती म्हणाली.

"खा ना मग."

"खाते ना." तिने चार पानं खाल्ली, पाहुण्यांकडे खावीत तशी. मग जरा वेळाने म्हणाली, "बाईंना दाखवू का नेऊन?"

ती बाटली अजून माझ्या ओट्यावर आहे.

माझ्या चुलत भावाचं लग्न कल्याणला एका हॉलमध्ये होतं. आईने हट्ट धरला, बाईंना बोलवायचंच. बाई आल्या, नेसून-सवरून, खांद्याला पर्स. जेवणाच्या टेबलावर हॉलवाल्यांचं नेहमीचं सॅलड होतं, काकडी-टोमॅटोच्या चकत्या गोल लावलेल्या, बीटाची फुलं, मध्ये गाजराचा कोरलेला मोर. बाईंनी वाढप्याला विचारलं, "हे खायला आहे की बघायला?" तो हसला. बाईंनी पर्समधून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि झाकण उघडून ती मोरावर ओतली.

"आजी, अहो, काय ओतताय?" वाढपी ओरडलाच.

"औषध. तुमचं सॅलड आजारी आहे."

बाटलीत घरून भरून आणलेलं मोहरीचं 'पाणी' होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईने चकती उचलून तोंडात टाकली. मग आत्याने टाकली. आत्याने "अगंबाई!" म्हणून नाक धरलं आणि आणखी एक उचलली. थोड्या वेळात तिथे घोळका जमला. नवरीचा भाऊसुद्धा मंडप सोडून आला. त्या लग्नात पाहुण्यांसाठी मी घरी बसून बेसनाचे लाडू वळून नेलेले. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. परत येताना रिक्षात सगळं बोलणं मोहरीचं. आणि रिक्षातच मी पहिल्यांदा ऐकलं, आई म्हणाली, "अगं, तू ना, कमालच आहेस."

तू. बाईंना. माझी आई, जी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीलाही अहोजाहो करते, ती. मी रिक्षाच्या कडेला सरकून बसले.

ठाण्यात माजिवड्याजवळ एक फ्लॅट भाड्याने मिळत होता. ऑफिसपासून पायी जाण्यासारखा, लिफ्ट, वॉचमन, खाली बाग. मी मनाला सांगितलं की हे माझ्या येण्याजाण्यासाठी आहे. खरंही होतं ते, अर्धं. आईला फोटो दाखवले. तिने सगळे नीट बघितले, स्वयंपाकघराचा फोटो मोठा करून बघितला.

"छान आहे," ती म्हणाली. "तू जा. शनिवार-रविवार येत जा माझ्याकडे."

"तुझ्याकडे म्हणजे?"

"इथे. मी इथेच बरी आहे."

मी तशीच वर गेले. बाई गच्चीच्या पायरीवर शेंगदाणे सोलत बसलेल्या. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण शेवट आठवतो. मी म्हटलं, "तुमच्यामुळे माझी आई माझ्याबरोबर यायला तयार नाही. तुम्हाला कळतंय का, ती माझी आई आहे."

बाईंनी टरफलं फुंकरून उडवली. "कळलं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई वर गेली आणि लगेच खाली आली. दार आतून बंद. तिने हाका मारल्या, तर बाई आतून म्हणाल्या, "आजपासून बंद, शालन. मुलीबरोबर जा." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मी घरून काम करत होते, सगळं ऐकत होते. आई आत आली, माझ्या लॅपटॉपसमोर उभी राहिली.

"काय बोललीस तिला?"

"काही नाही. एवढंच म्हटलं की…"

"तुझे बाबा गेले तेव्हा मला कोणी विचारून नेलं नाही त्यांना," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आता हिला पण तू न विचारताच नेलंस."

आणि ती आत जाऊन पडून राहिली. दुधात कुस्करलेली अर्धी पोळी पुन्हा सुरू झाली. मी केलेलं वांगं डब्यात तसंच राहिलं. मला जे हवं होतं ते झालेलं, आई माझ्या एकटीची झालेली, आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

शेवटी मीच पुन्हा वर गेले. दार वाजवलं. बाईंनी अर्धवट उघडलं.

"आता काय?"

"दार उघडा तिच्यासाठी. ती जेवत नाहीये."

"तूच म्हणालीस ना, माझ्यामुळे येत नाही. घे आता. घेऊन जा तिला."

"तशी नकोय मला," मी म्हटलं.

त्यांनी दार पूर्ण उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"खरं सांगू? मला तुझं तोंड बघवत नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून. ती इथे येते, माझं खाते, आणि बोलते कोणाबद्दल? माझी पोरगी असं म्हणाली, माझ्या पोरीने तसं केलं. मी हिला लहानपणी अशी शाळेत सोडायचे नि तशी आणायचे. ऐकून ऐकून माझे कान किटले. दोन वाजले की उठते. मी म्हणते, बस गं, खाली काय ठेवलंय तुझं? तर म्हणते, तिचे कपडे वाळत घातलेत, घड्या घालायच्यात. तुझे कपडे! चाळीस वर्षांच्या घोडीचे!"

मी जिन्याच्या कठड्याला हात टेकला.

"माझा मुलगा कल्याणात राहतो. मध्ये एक ठाकुर्ली स्टेशन फक्त. त्याचे कपडे वाळले की भिजले, मला पत्ता नसतो." त्यांनी चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखाने काढला. "मी बोलावलं तिला, नावाने बोलावलं, रोज वाढलं. आणि ती काय म्हणते? माझी पोरगी वाट बघत असेल."

मला वाटलेलं, त्यांच्याकडे सगळं आहे आणि माझ्याकडे काही नाही. त्यांनाही नेमकं तसंच वाटत होतं. हे कळल्यावर माणसाचं मन मोठं होतं असं म्हणतात. माझं नाही झालं. मला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. आई वर बसून माझ्याबद्दल बोलते!

"मग आता काय करायचं आपण?" मी विचारलं.

"काय करायचं? तू तिकडे जळ, मी इकडे जळते. पण तिला जेवू दे." त्या आत वळल्या. "जा, पाठव तिला. आणि सांग, आज गाजर आहे. मुळा चांगला नव्हता बाजारात."

मी माजिवड्याचा फ्लॅट सोडून दिला. आईला वाटलं मी तिच्यासाठी सोडला, म्हणून ती काही दिवस माझ्याशी फार प्रेमाने वागली. मी तिला खरं काही सांगितलं नाही. त्यानंतर जेमतेम दीड वर्ष आम्ही तिघी तशा राहिलो. बाई आणि मी मैत्रिणी वगैरे झालो नाही. जिन्यात भेटलो की त्या म्हणायच्या, "काय दुसरा मजला, आज सकाळी तिला पोहे घातलेस ना? दुपारी दोनच घास खाल्ले तिने." मी म्हणायचे, "घातले. आवडतात तिला माझे पोहे." हे म्हणताना जे सुख मिळायचं ते मी कशाला लपवू?

मग बाई पंपाजवळ घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आईच आधी धावली, आईनेच त्यांच्या मुलाला फोन लावायला मला सांगितलं. मुलगा आला. वाईट माणूस नव्हता तो, नुसता कामात बुडालेला, डोळ्यांखाली काळं आलेला. ऑपरेशन झालं आणि तो त्यांना कल्याण पश्चिमेला आपल्या घरी घेऊन गेला. इमारतीच्या पंपाची किल्ली आईकडे आली.

आई आठवड्यातून एकदा बसने कल्याणला जायला लागली. एकटी. दगडी खल पिशवीत घालून. "त्यांच्याकडे मिक्सर आहे गं," मी म्हणायचे. "मिक्सरमध्ये मोहरी कडू होते," आई म्हणायची, हुबेहूब बाईंच्या सुरात. त्या दिवशी मी ऑफिसातून घरी आले की घर रिकामं असायचं, आणि मी गच्चीवरून कपडे काढून स्वतःच घड्या घालायचे.

एकदा मला सुट्टी होती, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. नवं, स्वच्छ घर. बाईंच्या सुनेने दार उघडलं. माझ्याच वयाची, चटपटीत, केस वर बांधलेले, हातात ओट्याचं फडकं. आतल्या खोलीत बाई पलंगावर. त्या इतक्या लहान झालेल्या की मला आधी ओळखूच आल्या नाहीत. पाय उशीवर, हात चादरीवर नुसते ठेवलेले. आईला बघून मात्र तोच आवाज निघाला. "शालन, उशीर केलास. गाजर बघू."

आई पलंगाशेजारी खाली बसली आणि कामाला लागली. बाई वरून हुकूम सोडत होत्या. "जाड झालीय. बारीक कर. माझे दात काय तुझे आहेत का?" "बत्ता उलटा फिरवतेस." आई म्हणत होती, "गप बस गं. तुझा पाय मोडलाय, तोंड नाही." मोहरीचा झणका त्या नव्या घरात पसरला आणि बाईंनी डोळे मिटून, लहान मुलासारखं तोंड उघडलं. आईने भरवलं.

मला ते बघवेना. मी बाहेर आले.

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. तिला मी आल्याचं कळलं नाही. ती आत बघत होती, ओठ घट्ट मिटून, फडक्याला पीळ घालत. तो चेहरा मला पाठ होता. बाईंच्या दारात उभं राहून मी तो इतके दिवस घातलेला.

मला बघून ती दचकली, हसली. "बसा ना. सरबत करू?"

"नको."

"सकाळी मीपण कोशिंबीरच केलेली," ती हळू आवाजात म्हणाली. कोणीतरी विचारेल म्हणून थांबल्यासारखी. "मोहरी फेसून. हे म्हणाले, आईला तशीच आवडते. यूट्यूबवर बघून सगळं घातलं, आगळ, गूळ, सगळं. दोन घास खाल्ले, म्हणाल्या छान आहे, आणि वाटी बाजूला ठेवली." फडक्याचा पीळ आणखी घट्ट झाला. "तुमच्या आई त्यात काय वेगळं घालतात हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "तेच. जे तुम्ही घातलंत."

"मग?"

मी काय सांगणार होते तिला? मला कोणी सांगितलं असतं, तर मी तरी ऐकलं असतं का? ती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मला एकदम तिची माया आली. बाईंच्या बाबतीत जे मला कधी जमलं नाही, ते तिच्या बाबतीत आपोआप झालं.

"चहा टाकता का?" मी म्हटलं. "आलं घालून. आपल्या दोघींपुरताच."

तिने फडकं ओट्यावर टाकलं, पातेलं काढलं. मी आलं किसायला घेतलं. तेवढ्यात आतून दोघी खो खो हसल्या. कशाला हसल्या कोण जाणे. तिने आणि मी, हातातलं काम तसंच धरून, एकाच वेळी तिकडे मान वळवली.